रुमालाखालचा सौदा

दादाने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही अप्पांनी मान हलवली.

"बघा," दादा म्हणाला, "हो म्हणतायत. विकायची."

"थांब जरा." धाकट्याने खुर्ची पुढे ओढली आणि अप्पांच्या कानाशी वाकून तो मोठ्याने म्हणाला, "अप्पा, वखार ठेवायची ना? विकायची नाही ना?"

अप्पांनी त्यालाही तितक्याच अदबीने मान डोलावली.

आत्याने कपाळाला हात लावला. "चालू द्या तुमचं. आता गलबत बुडालं का विचारा, त्यालाही हो म्हणतील. तरंगतंय का विचारा, त्यालाही हो."

झटका येऊन गेल्यापासून अप्पांची वाचा गेली होती आणि उजवी बाजू लुळी पडली होती. त्यांना समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण कुणी समोर येऊन काही विचारलं की मान आपोआप खाली-वर व्हायची. उभ्या आयुष्यात या माणसाने कुणालाही तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. दलालाला ते परवडतही नाही. आता शरीर थकलं, शब्द गेले, तरी ती सवय मागे राहिली होती.

मधली तराजूच्या खांबाला टेकून उभी होती. पन्नाशी उलटली तरी घरात तिला सगळे मधलीच म्हणत. वर दादा, खाली धाकटा, मध्ये ती. दादा लग्न करून नव्या बंदरावर गेला आणि एका मोठ्या जहाज कंपनीच्या कचेरीत साहेब झाला. धाकटा लांबच्या शहरात लोकांचे दात काढतो. मधली राहिली ती इथेच, वखारीच्या माडीवरच्या दोन खोल्यांत, आधी आईचं करायला आणि मग अप्पांचं. पण नुसती राहिली असं म्हणणं तिच्यावर अन्याय केल्यासारखं होईल. नदीने गाळ आणून आणून खाडीचं तोंड बुजवलं, मोठी जहाजं यायची थांबली, बंदरावरचं जकात घर लग्नाचं कार्यालय झालं, शिडं शिवणाऱ्यांच्या गल्लीत मोबाइलची दुकानं आली, तेव्हा गावात तिला एकटीलाच असं वाटलं होतं की हे सगळं कुणीतरी सांगत राहायला हवं. तिने वखारीचं पुढचं दालन झाडून घेतलं. पितळी तराजू घासला, मिरीचे नमुने ठेवायच्या लाकडी वाट्या मांडल्या, गोण्यांवर शिक्के मारायचे पत्रे भिंतीवर लावले आणि दार उघडं ठेवलं. आधी कुत्रंही फिरकलं नाही. मग एका शाळेची सहल आली, मग दुसरीची. आता लांबून लांबून लोक येत आणि मधली त्यांना सांगे की या फरशीवर उभं राहून पलीकडच्या किनाऱ्यांवरचे लोक खारीक, लाकूड, कापूस, काथ्या कसे विकत असत, आणि एकाची भाषा दुसऱ्याला येत नसताना एकमेकांवर विश्वास कसा टाकत असत.

वखार गेली तर हे जाणार होतं. डोक्यावरचं छप्परही जाणार होतं, पण त्याचं तिला तेवढं वाटत नव्हतं. एक खोली कुठेही मिळाली असती. ही फरशी कुठे मिळणार होती?

"हॉटेलवाले सोमवारी उत्तर मागतायत," दादा म्हणाला. "आणि मी पुन्हा सांगतो, दर्शनी भिंत ते तशीच ठेवणार आहेत."

"भिंत!" मधली म्हणाली. "तुझं सगळं काढून घेतलं आणि नाक तेवढं ठेवलं तर चालेल का रे?"

धाकटा हसला आणि दादाकडे बघून गप्प झाला.

"तुला हसू येतंय," दादा धाकट्याला म्हणाला. "मागच्या उधाणाला पाणी उंबरा ओलांडून आत आलं, तेव्हा तू कुठे होतास? ही गोण्या उचलत होती एकटी. वरच्या वाशांना हात लावला तर भुसा पडतो. उद्या एखादा अप्पांच्या अंगावर पडला म्हणजे? मला काय हौस आहे? माझंही बालपण इथेच गेलंय."

"मी कुठे नाही म्हणतोय," धाकटा पुटपुटला.

मधलीने त्याच्याकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वी फोनवर हाच म्हणाला होता, मधले, तू घाबरू नकोस, मी तुझ्या बाजूने आहे. आता तो चहाच्या कपात काहीतरी शोधत होता.

"तू मला काय म्हणाला होतास?" तिने विचारलं.

"म्हणालो होतो. पण तेव्हा मी वासे पाहिले नव्हते गं." त्याने मान वर केली नाही. "दादाचं अगदीच चुकतंय असं नाही. तू एकटी किती दिवस रेटणार?"

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मधलीने तराजूची साखळी घट्ट धरली. आपल्या बाजूला कुणी नाही हे तिला त्या क्षणी कळलं, आणि मग जिच्याकडून तिने काडीचीही अपेक्षा ठेवली नव्हती ती वहिनी बोलली.

"मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते," दादाची बायको म्हणाली. या घरात आल्यापासून ती वखारीच्या वासाने नाक मुरडायची. "विकू नये. मागच्या वर्षी माझ्या माहेरची माणसं आली होती. वन्संनी त्यांना सगळं फिरवून दाखवलं. माझ्या वडिलांनी परत जाताना विचारलं, एवढं मोठं घर तुमचं, तू कधी बोलली नाहीस ते? मला काही सांगता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं."

"आता तू पण?" दादा म्हणाला.

"मी पण."

दादा काही वेळ येरझाऱ्या घालत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. असता तर गोष्ट सोपी झाली असती. शेवटी तो अप्पांच्या आरामखुर्चीपाशी थांबला. "वखार अप्पांची आहे. ते हो म्हणाले तर विकायची, नाही म्हणाले तर माझा शब्द पुन्हा निघणार नाही. पण म्हणायला तर हवं ना त्यांनी! नुसता काथ्याकूट चाललाय आपला सकाळपासून."

"मग त्यांना रुमालाखाली विचारा," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"काय बघताय? या घराण्याने दुसरं केलंय काय? ह्या बंदरात ओरडून कधी भाव ठरला नाही. मालाचं नाव तेवढं मोठ्याने घ्यायचं, बाकी सगळं रुमालाखाली, बोटांनी. दलाल मध्ये उभा. उजवा हात घेणाऱ्याच्या हातात, डावा विकणाऱ्याच्या. दोन्हीवर रुमाल." आत्याने अप्पांच्या मांडीवरचा डावा हात उचलून दाखवला. तो हात म्हातारा होता, पण जिवंत होता; बोटं तिच्या बोटांभोवती लगेच मिटली. "उजवा गेला. पण हा विकणाऱ्याचा हात आहे. हा अजून बोलतो."

"आणि ते वाचणार कोण?" दादाने विचारलं. "मला येत नाही. अप्पा शिकवायला बसले की आम्ही दोघं पळून जायचो."

"मला येतं," मधली म्हणाली.

तिला यायचं. लहानपणी दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसलं की अप्पा तिला समोर बसवत आणि रुमालाखाली तिच्याशी खोटेखोटे सौदे करत. मुलगी आहे, पेढीवर थोडीच बसणार आहे, असं आई म्हणायची. अप्पा म्हणत, हात तर आहे ना तिला.

"म्हणजे मधली सांगेल ते खरं मानायचं?" धाकटा म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याचं त्यालाच ते कसंतरी वाटलं. "तसं नाही गं. पण तुझाच प्रश्न आणि तूच..."

"रुमालाखालचं तिसऱ्याला दिसत नाही," आत्या म्हणाली. "म्हणून तर आपल्या पणजोबांना दलाल केलं लोकांनी. दोन्हीकडच्यांना आंधळं करून मध्ये उभा राहणारा माणूस खोटं बोलला, तर बंदर बंद पडलं असतं. ते पडलं नदीमुळे, आपल्यामुळे नाही."

दादाने बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिने सांगितलेलं मला मान्य. मधली खोटं बोलणार नाही."

मधलीला त्याचा राग आला. त्याने संशय घेतला असता, दोन शब्द लावून बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

"तरी एक करा," वहिनी म्हणाली. "आधी अशी एखादी गोष्ट विचारा जी वन्संना माहीत नाही. मामंजींचं डोकं ठिकाणावर आहे का ते कळेल. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणायचं, त्यांना कुठे काय समजत होतं." ती मधलीच्याच भल्यासाठी बोलत होती.

"मी विचारते," आत्या म्हणाली.

मधलीने भिंतीवरच्या खुंटीवरून मोठा तांबडा रुमाल काढला. तो ती पाहुण्यांना दाखवायची, पण वापरला कधी नव्हता. ती अप्पांसमोर स्टुलावर बसली, त्यांचा डावा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. अप्पांच्या चेहऱ्यावरचं ते डोलणारं, सगळ्यांना हो म्हणणारं हसू एकदम मावळलं. पाठ खुर्चीपासून सुटली. डोळे तिच्या चेहऱ्यावरून निघून लांब कुठेतरी दाराबाहेर जाऊन थांबले. सौदा करताना दलाल कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. झटका आल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं, हे आपले वडील आहेत.

"तुम्हाला मुलं किती झाली?" आत्याने मोठ्याने विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" धाकटा म्हणाला.

"गप्प बस."

रुमालाखाली अप्पांची बोटं हलली. त्यांनी मधलीची तर्जनी धरली, मग तिच्या शेजारचं बोट, मग त्याच्या शेजारचं, मग करंगळी. चारही एकत्र धरून दाबली आणि सोडली.

मधली गोंधळली. "चार म्हणतायत," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही तर. तिला दुःख झालं, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या मागे कुठेतरी जीव भांड्यातही पडला. आता कुणाच्याच हो-नाहीला अर्थ राहणार नव्हता.

आत्या मात्र डोळे पुसत होती.

"चारच," ती म्हणाली. "दादाच्या आधी एक मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आत गेली. तुमच्या आईने शपथ घातली होती, पोरांसमोर विषय काढायचा नाही म्हणून. अप्पांनी आजपर्यंत काढला नाही."

दादा हळूच बाजूच्या गोणीवर बसला. साठीला आलेला हा माणूस जन्मभर थोरला म्हणून वागला होता, थोरला म्हणून ओरडला होता, थोरला म्हणून सगळ्यांचं निस्तरलं होतं, आणि आता त्याच्याकडे बघून वाटत होतं की कुणीतरी त्याच्या हातातलं ओझं काढून घेतलंय आणि मोकळ्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नाहीये.

"म्हणजे मी..." तो म्हणाला आणि थांबला.

"तू दुसरा," आत्या म्हणाली. "विचार गं आता, मधले. डोकं शाबूत आहे त्यांचं. तुझ्यापेक्षा माझ्यापेक्षा शाबूत आहे."

मधलीने श्वास घेतला. मालाचं नाव मोठ्याने घ्यायची रीत होती, म्हणून तिने घेतलं. "माल, ही वखार. जमिनीसकट, माडीसकट. विकायची का?" आणि रुमालाखाली तिने अप्पांचं मनगट हलकेच दाबलं. म्हणजे बोला.

सौदा मोडायचा असेल तर समोरच्याचा तळवा मागे लोटायचा. पक्का असेल तर त्याची पाचही बोटं गोळा करून आपल्या मुठीत घ्यायची आणि एकदाच आवळायची. मुलांनासुद्धा कळेल इतकं साधं होतं ते. मधली आपला तळवा उघडा ठेवून वाट बघत राहिली. लोटा, ती मनात म्हणाली. अप्पा, मागे लोटा.

अप्पांची बोटं तिच्या तळव्यावर आली. थोडा वेळ तिथेच थांबली. मग त्यांनी तिची पाचही बोटं एकेक करून गोळा केली, सगळी आपल्या मुठीत घेतली आणि आवळली. झटका येऊन गेलेल्या म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

रुमाल जराही हलला नव्हता. समोर दादा, धाकटा, वहिनी आणि आत्या तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्यातल्या कुणालाही काहीही माहीत नव्हतं.

तिला खोटं बोलायचं होतं. दुसरं काहीही तिला नको होतं. एक शब्द पुरला असता. मोडला म्हणाली असती तर दादा उठला असता, हॉटेलवाल्यांना फोन लावला असता, वासे बदलायला माणसं बोलावली असती, आणि पुढच्या आठवड्यात येणाऱ्या सहलीला तिने नेहमीसारखं दार उघडून आत घेतलं असतं. अप्पांना तर बोलताच येत नव्हतं. ते कुणाला सांगणार होते? उलट, विचारलंच असतं कुणी, तर त्यांनी मान डोलावली असती.

आणि मग त्या मुलांना ती काय सांगणार होती? याच जागी उभी राहून, हाच रुमाल हातात धरून, की इथे मध्ये उभा असलेला माणूस कधी खोटं बोलला नाही?

"पक्का," मधली म्हणाली.

"म्हणजे?" वहिनीने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"म्हणजे विकायची. अप्पा विका म्हणतायत."

वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दादाला आनंद व्हायला हवा होता, पण तो गोणीवरून उठलासुद्धा नाही. "तू नाही म्हणाली असतीस," तो हळू आवाजात म्हणाला, "तरी मी ऐकलं असतं."

"माहीत आहे मला."

"मग कशाला सांगितलंस गं?"

"विचारलंस म्हणून," ती म्हणाली, आणि आता तिचा बांध फुटला. भावांसमोर रडायचं नाही असं तिने सकाळीच ठरवलं होतं, ते राहिलं बाजूलाच.

"मधले, पुन्हा एकदा विचार ना," धाकटा अजिजीने म्हणाला. तो पुन्हा तिच्या बाजूला आला होता, आता यायला काही जोखीम नव्हती म्हणून. "एखाद वेळेस बोटं चुकली असतील."

"दोनदा विचारत नाहीत. दोनदा विचारलं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हटल्यासारखं होतं."

पण विचारायचं तिलाही होतं, वेगळंच काहीतरी. सौदा जाहीर झाला की रुमाल उचलायची रीत होती. तिने उचलला नाही. ती अप्पांकडे वळली. ते अजून दाराबाहेरच बघत होते.

"का पण?" ती त्यांना म्हणाली. आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "तुमच्याच वस्तू जपत बसले ना मी? घासल्या, पुसल्या, लोकांना दाखवल्या. तुमचंच नाव सांगत बसले. तुम्ही तिथे वर खिडकीत बसून ऐकायचात. एकदा तरी म्हणायचं होतं की नको हे. बोलता येत होतं तेव्हा म्हणायचं होतं! का, अप्पा?"

कुणी तिला थांबवलं नाही. या बोटांच्या भाषेत भाव होता, वजन होतं, होकार होता, नकार होता. का याला खूण नव्हती. बंदरावर कुणालाच कधी तिची गरज पडली नव्हती; माल का विकतोस, असं दलाल विचारत नसतो.

अप्पांनी दारावरची नजर काढली आणि तिच्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत, सौद्याच्या वेळी बघू नये तसं. रुमालाखाली त्यांची मूठ सैल झाली, पण हात मागे गेला नाही. त्यांनी तिचा तळवा उताणा केला. मिरीच्या वाट्या घासून घासून बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते, त्यांवरून अंगठा फिरवला, एकेका घट्ट्यावर थांबत. तराजूच्या साखळीने मघाशी उठलेला वळ त्यांना सापडला, त्यावरून फिरवला. मग मनगटापर्यंत गेले, जिथे हाडं वर आली होती, आणि तिथून पुन्हा खाली आले, असं बराच वेळ चाललं. यातलं काहीही त्यांनी तिला लहानपणी शिकवलेलं नव्हतं. आकडा नव्हता, हो नव्हतं, नाही नव्हतं. तिच्या थकलेल्या हाताची ते चौकशी करत होते. ती वखारीपायी इथे म्हातारी होत गेली आणि ते वरच्या खिडकीत बसून ते बघत राहिले, एवढंच त्यांना सांगायचं होतं. दुसऱ्या कुठल्याही भाषेत इतकं स्पष्ट कुणी तिला सांगितलं नसतं.

"काय म्हणतायत?" दादाने विचारलं. तो उठून जवळ आला होता. धाकटाही आला, वहिनी आली. "मधले, अजून काही सांगतायत का? बोटं हलतायत त्यांची. काय सांगतायत?"

सकाळपासून तिने सगळं खरं सांगितलं होतं. स्वतःच्या मुळावर येणारंही सांगितलं होतं.

"काही नाही," मधली म्हणाली, आणि रुमाल तसाच राहू दिला.